चालीचे मोल
स्वतंत्र संगीतकाराच्या दरपत्रकामागील हिशेब

बंगळूरमध्ये मुख्यालय असलेल्या टायटन कंपनीची जाहिरात दूरचित्रवाणीवर सुरू झाली, की पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसालाही ती कोणाची हे कळते. ही किमया एका छोट्या सुरावटीची आहे. ती घेतली आहे मोझार्टने १७७३ साली रचलेल्या त्याच्या २५ व्या सिंफनीतून. मोझार्ट १७९१ साली निवर्तला. त्याच्या रचनेवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही आणि त्यामुळे मूळ चालीसाठी कोणाला मोबदला देण्याचा प्रश्न येत नाही. खर्च येतो तो तीच चाल नव्या वाद्यांवर बांधण्याचा, वादकांचा आणि ध्वनिमुद्रणाचा.

परंतु प्रत्येक व्यवसायाला अडीचशे वर्षांपूर्वीची चाल मानवतेच असे नाही. कोणाला आपल्या मसाल्यांसाठी कन्नड लोकगीताच्या ढंगाची जिंगल हवी असते, कोणाला मोबाइलवरील खेळासाठी तासाभराचे पार्श्वसंगीत, तर एखाद्या शाळेला किंवा बँकेच्या शाखेलाही वर्धापनदिनासाठी स्वतःचे गीत. अशा वेळी हयात असलेल्या संगीतकाराकडे जावे लागते आणि पहिलाच प्रश्न विचारला जातो, "आपला दर काय?" हा प्रश्न सुताराला किंवा रंगाऱ्याला विचारावा इतक्या सहजतेने विचारला जातो, उत्तर मात्र तितके सोपे नाही. कोणाच्याही पगारपत्रकावर नसलेला, काम येईल तसे करणारा स्वतंत्र संगीतकार आपली किंमत कोणत्या आधारावर सांगतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बंगळूरची पार्श्वभूमी

एके काळी कन्नड चित्रपटांची गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी निर्मात्यांना मद्रास गाठावे लागत असे. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेले अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांनी बंगळूरमध्ये 'संकेत' हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभारला आणि हे चित्र पालटू लागले. त्यांच्याच 'मालगुडी डेज' या मालिकेसाठी एल. वैद्यनाथन यांनी दिलेले शीर्षकसंगीत आज चार दशकांनंतरही लोकांच्या ओठांवर आहे. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागे जाहिरातसंस्था आल्या, आणि संगणकावर संपूर्ण वाद्यवृंद बांधता येऊ लागल्यावर घरातल्या एका खोलीतही स्टुडिओ उभा राहू लागला. दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊनही संगीताकडे वळलेले बंगळूरचे रिकी केज यांनी २०१५, २०२२ आणि २०२३ या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळवले; त्यांच्या कारकिर्दीचा पाया जाहिरातींच्या जिंगल्सनी घातला गेला होता. शहराजवळच्या हेसरघट्टा येथील नृत्यग्राम या संस्थेने आपल्या ओडिसी नृत्यरचनांसाठी पंडित रघुनाथ पाणिग्रही यांच्याकडून संगीत करून घेतले. जिंगल, मालिका, नृत्य, खेळ आणि कंपन्यांचे माहितीपट या साऱ्यांची मागणी एकाच शहरात आहे. प्रत्येकाचा वापर मात्र निराळा आहे, आणि दर ठरताना नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

एका व्यवहारात दोन विक्री

घर बांधून देणाऱ्या गवंड्याला कामाची मजुरी मिळते. घर भाड्याने देणाऱ्या मालकाला वापराचे भाडे मिळते. संगीतकार एकाच वेळी गवंडीही असतो आणि मालकही. चाल सुचणे, ती वाद्यांवर बांधणे, वादक-गायकांकडून ती बसवून घेणे हे झाले श्रम. तयार झालेली रचना कोणी, कोठे, किती काळ वाजवावी हा झाला हक्क. बहुतेक नवोदित संगीतकार केवळ श्रमाचे पैसे मागतात आणि हक्क न कळतच देऊन टाकतात. हिशेबातील सर्वांत मोठी गफलत येथेच होते.

चाल आणि संयोजन ही दोन कामेही अनेकदा दोन व्यक्तींची असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवरून प्रथम प्रसारित झालेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा' या गीताची चाल अशोक पत्की यांची आणि संयोजन लुई बँक्स यांचे. कायद्याच्या दृष्टीने एखाद्या रचनेचे संयोजन हे त्या रचनेचे रूपांतर असते. त्यामुळे ज्याच्याकडे चालीचा हक्क, त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याने तिचे नवे संयोजन करणे योग्य ठरत नाही. ग्राहकाने पुढच्या वर्षी तीच चाल दुसऱ्याकडून नव्या ढंगात बांधून घ्यावी की नाही, हा मुद्दा म्हणूनच आधी ठरवावा लागतो.

आपल्या देशात संगीतकाराचे हक्क फार उशिरा सुरक्षित झाले. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असा निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर पहिला हक्क निर्मात्याचा. त्याच निकालाला जोडलेल्या आपल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कलावंतांच्या हक्कांकडे कायदेमंडळाने लक्ष द्यावे असे सुचवले होते. ते लक्ष जाण्यास पस्तीस वर्षे लागली. २०१२ साली, राज्यसभेत जावेद अख्तर यांच्यासारख्या गीतकाराने प्रश्न लावून धरल्यानंतर, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झालेल्या रचनेचा हक्क संगीतकाराने दुसऱ्यास दिला, तरी चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरापासून मिळणाऱ्या रॉयल्टीतील त्याचा निम्मा वाटा आता करारानेही काढून घेता येत नाही. तो वाटा केवळ कायदेशीर वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. अन्यथा लिहून घेतलेला करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो.

या बदलाचे मोल कोणत्या पिढीने चुकवले, हे वनराज भाटिया यांच्या उदाहरणावरून दिसते. 'अंकुर'पासून 'भारत एक खोज'पर्यंतचे संगीत, 'लिरिल'सारख्या गाजलेल्या जाहिराती आणि हजारो जिंगल्स नावावर असलेल्या या संगीतकाराच्या आर्थिक ओढगस्तीच्या बातम्या २०१९ साली वृत्तपत्रांत आल्या. २०२१ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या चाली बाजारात किती काळ वाजत राहिल्या आणि त्यांपैकी किती काळाचा मोबदला रचनाकाराकडे आला, याचा विचार प्रत्येक तरुण संगीतकाराने पहिले दरपत्रक लिहिताना करावयास हवा.

दराचा पाया

एका कल्पित उदाहरणावरून पद्धत पाहू. आकडे केवळ हिशेब समजावा यासाठी घेतले आहेत. बाजारातील दर माणसागणिक बदलतात. समजा, बंगळूरमधील एका संगीतकाराकडे साठ सेकंदांच्या कन्नड जाहिरातपटाचे काम आले आहे.

त्याने प्रथम स्वतःचा दिवसाचा दर काढलेला असला पाहिजे. घरखर्च, खोलीचे भाडे आणि वीज, यंत्रसामग्रीची झीज, विमा, निवृत्तीसाठीची बचत हे सारे धरून त्याला वर्षाला ९,६०,००० रुपये लागतात असे मानू. हा आकडा ३६५ ने भागणे ही नेहमीची चूक. वर्षातले किती दिवस खरोखर कोणाच्या तरी देयकावर चढतात? ग्राहकांच्या भेटी, नाकारलेले नमुने, रियाज, नवे तंत्र शिकणे, थकबाकीचा पाठपुरावा आणि काम नसलेले महिने वजा जाता अनेकांच्या हाती १२० च्या आसपास दिवस उरतात. म्हणजे दिवसाचा दर ८,००० रुपये. प्रस्तुत कामाला आठ दिवस लागणार असतील, तर श्रमाचे ६४,००० रुपये झाले.

त्यानंतर प्रत्यक्ष खर्च. गायिकेचे १५,०००, बासरीवादक आणि व्हायोलिनवादक यांचे प्रत्येकी ८,०००, स्टुडिओचे सहा तास ताशी १,५०० प्रमाणे ९,०००, मिक्सिंग आणि मास्टरिंगचे १२,०००; एकूण ५२,०००. किरकोळ आणि अनपेक्षित बाबींसाठी ८,००० धरले की ६०,००० होतात. श्रम आणि खर्च मिळून १,२४,००० रुपये ही या कामाची तळरेषा. हिच्याखाली गेल्यास संगीतकार पदरमोड करून ग्राहकाला मदत करत असतो.

आता हक्काचे मूल्य. जाहिरात केवळ कर्नाटकात, एक वर्ष, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमांवर चालणार असेल, तर समजा ४०,००० रुपये. तीच जाहिरात संपूर्ण भारतात तीन वर्षे चालणार असेल, तर दीड लाख. पहिल्या प्रसंगी एकूण किंमत १,६४,००० आणि दुसऱ्या प्रसंगी २,७४,००० होते. चाल तीच, श्रम तेच, वादक तेच. फरक पडला तो केवळ वापराचा. गावातल्या मिठाईवाल्याने वापरलेली चाल आणि देशभर पसरलेल्या कंपनीने वापरलेली चाल यांचा दर एकच असावा असा आग्रह धरणारे ग्राहक दुकानाच्या भाड्याबाबत असा आग्रह कधी धरत नाहीत. चौक बदलला की भाडे बदलते, हे त्यांना पुरते ठाऊक असते.

'मिनिटाला इतके' असा सरसकट दर सांगणेही म्हणूनच फसवे ठरते. मोबाइलच्या खेळासाठी किंवा लांबलचक माहितीपटासाठी तो काही अंशी चालतो. जिंगलच्या बाबतीत मात्र दहा सेकंदांची चाल साठ सेकंदांच्या चालीपेक्षा कठीण असू शकते. जाहिरातसंस्था सहसा साठ सेकंदांच्या मूळ जाहिरातीबरोबर तीस, वीस आणि दहा सेकंदांच्या आवृत्त्या मागते. नवखा संगीतकार ही केवळ कात्रीची करामत समजतो आणि गाणे मधेच तुटते. जाणकार आधीच लय निवडतो. मिनिटाला ९६ मात्रांची लय घेतली, तर दहा सेकंदांत नेमक्या सोळा मात्रा बसतात, म्हणजे तीनतालाचे एक पूर्ण आवर्तन. वीस सेकंदांत दोन, तीस सेकंदांत तीन आणि साठ सेकंदांत सहा आवर्तने. चारही आवृत्त्या समेवर येऊन संपतात. ऐकणाऱ्याला हे गणित दिसत नाही आणि दिसूही नये. पण दरपत्रकात या चार आवृत्त्यांचे श्रम स्वतंत्रपणे दिसावयास हवेत. भाषांचेही तसेच. कन्नड जिंगल तेलुगू, तमिळ किंवा मराठीत करावयाची तर केवळ शब्द बदलून भागत नाही. नवा गीतकार, नवा गायक आणि नवे मिक्सिंग लागते. मराठीतील ऱ्हस्व-दीर्घ मूळ चालीत बसेनात, तर चालीलाच थोडी मुरड घालावी लागते.

ग्राहकाजवळ पैसे कमी असतील तर?

ही वेळ दर दुसऱ्या कामात येते. वरील उदाहरणातील ग्राहक म्हणाला, "आमच्याकडे एक लाखच आहेत," आणि संगीतकाराने काहीच न बदलता होकार दिला, असे समजा. ६०,००० चा खर्च तर करावाच लागणार. उरले ४०,०००, म्हणजे आठ दिवसांचे दिवसाला ५,०००. वर्षाच्या १२० दिवसांना हाच दर लागू झाला, तर हाती सहा लाख येतील. गरज ९,६०,००० ची आहे. आणि हक्काचे मूल्य तर शून्य झालेले असेल.

त्यामुळे अनुभवी माणूस किंमत कमी करत नाही, काम कमी करतो. प्रत्यक्ष व्हायोलिन आणि बासरी यांच्याऐवजी संगणकातील ध्वनी वापरता येतील, चारऐवजी दोन आवृत्त्या देता येतील, वापराची मुदत वर्षाऐवजी सहा महिने करता येईल. ग्राहकाचा धंदा चालला तर तो मुदतवाढीसाठी परत येईल आणि तेव्हा त्याच्याकडे पैसेही असतील. नव्या उद्योगांच्या या शहरात असे ग्राहक बरेच भेटतात. त्यांपैकी काही जण रोख रकमेऐवजी कंपनीतील समभाग किंवा 'नाव होईल' असे आश्वासन देऊ करतात. समभाग घेणे हा गुंतवणुकीचा निर्णय आहे आणि तो गुंतवणुकीच्या कसोटीवरच घ्यावा. आश्वासनावर मात्र स्टुडिओचे भाडे भागत नाही.

एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी किंवा मित्राच्या लघुपटासाठी कमी पैशांत काम करण्यास कोणाची हरकत असणार नाही. तेथेही देयकावर पूर्ण रक्कम लिहून तिच्याखाली सवलत दाखवावी, म्हणजे मूळ दर काय होता याची नोंद राहते.

काम कसे आखावे

भांडणे बहुधा पैशांपेक्षा अपेक्षांवरून होतात. "काहीतरी ताजे हवे, पण ओळखीचे वाटावे," असे सांगणारा ग्राहक खोटे बोलत नसतो. त्याच्याजवळ संगीताची भाषा नसते, इतकेच. ती त्याला पुरवणे हे संगीतकाराचे काम. जाहिरात कोणी पाहावी, ती कोठे लागेल, निवेदनासाठी कोणत्या जागा मोकळ्या हव्यात, अंतिम निर्णय कोणाचा, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. अंतिम निर्णय घेणारी व्यक्ती कोण, हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पाच जणांनी पसंत केलेली चाल सहाव्याने, तीही शेवटच्या दिवशी, नाकारल्याची उदाहरणे या व्यवसायात नित्याची आहेत.

ग्राहक अनेकदा एखादे गाजलेले गाणे ऐकवून "अगदी असेच" मागतो. येथे सावध राहावे. त्या गाण्यातले नेमके काय आवडले, लय, वाद्यमेळ की गाण्याचा भाव, हे विचारून घ्यावे आणि चाल स्वतःची करावी. कारण चाल स्वतंत्र असल्याची हमी करारात संगीतकारच देत असतो आणि दावा झाला तर भरपाईची मागणी त्याच्या दारात येते. विकत घेतलेल्या ध्वनिसंग्रहांचे परवाने आणि संगणकीय बुद्धिमत्तेच्या साधनांनी तयार केलेला भाग यांबाबतही हेच लागू आहे. ते वापरले असतील तर तसे सांगावे.

जाहिरातसंस्था कधी कधी तीन-चार संगीतकारांकडून नमुने मागवते आणि एकाला काम देते. अशा नमुन्यासाठी थोडे का होईना शुल्क मागणे हा आता शिष्टाचार मानला जावा. न निवडलेल्या नमुन्याचे सर्व हक्क संगीतकाराकडेच राहतील, हेही एका ओळीत लिहून घ्यावे. नमुना मान्य झाल्यावर दोन वेळा बदल दरात समाविष्ट ठेवावेत आणि तिसऱ्यापासून आकार लावावा. ही अट असली की ग्राहकही विचारपूर्वक आणि एकत्रित सूचना देतो.

रक्कम हप्त्यांत घ्यावी. काम सुरू करण्यापूर्वी निम्मी, नमुना मान्य झाल्यावर तीस टक्के आणि अंतिम ध्वनिफीत देण्यापूर्वी उरलेली वीस टक्के, ही विभागणी सोयीची ठरते. पहिल्या हप्त्यात वादक आणि स्टुडिओ यांचा खर्च निघाला पाहिजे, हे तिचे मर्म. १,६४,००० च्या कामात पहिला हप्ता ८२,००० चा होतो आणि ६०,००० चा खर्च त्यात भागतो. मग ग्राहकाने काम मधेच थांबवले, तरी वादकांची बिदागी संगीतकाराच्या खिशातून जात नाही. काम रद्द झाल्यास कोणत्या टप्प्याला किती रक्कम देय होईल, हेही आधी लिहावे.

कागदावर काय असावे

कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असल्यावाचून वैध होत नाही. त्या लेखात रचना कोणती, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि मोबदला किंवा रॉयल्टी किती, हे असावे लागते. यातील एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारताचा. शिवाय हक्क घेणाऱ्याने एका वर्षात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो हक्क परत रचनाकाराकडे येतो. करार झाला त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमासाठीही, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्यावाचून, तो करार लागू होत नाही. रचनाकाराचे नाव देण्याचा आणि रचनेच्या विकृतीला हरकत घेण्याचा नैतिक हक्क तर हस्तांतरणानंतरही त्याच्याकडेच असतो.

बहुतेक प्रसंगी संपूर्ण हस्तांतरणाची गरजही नसते. ठराविक वापराचा परवाना पुरतो. ग्राहकाला 'सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जग' हवेच असेल, तर ते द्यावे, पण त्याची किंमत वेगळी सांगावी. रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकणारी मालमत्ता त्या एका वाक्यात हाताबाहेर जाते.

रचनेची स्वामित्वहक्क कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, पण वाद उद्भवल्यास उपयोगी पडते. संगीतरचनेसाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे. स्वरलिपी न लिहिणाऱ्या आपल्या बहुसंख्य संगीतकारांना १९९४ च्या दुरुस्तीने मोठा दिलासा दिला. पूर्वी संगीतरचना म्हणजे लिहिलेली किंवा छापलेली रचना अशी व्याख्या होती. आता स्वरलिपी असलीच पाहिजे असे नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था २०१७ पासून पुन्हा नोंदणीकृत आहे. तिचे सभासदत्व घेऊन प्रत्येक रचनेची नोंद तेथे केली, तर नभोवाणी, दूरचित्रवाणी, उपाहारगृहे आणि इंटरनेट यांवरील वापराची रॉयल्टी जमा होण्याचा मार्ग खुला होतो. नोंद नसलेल्या रचनेचे पैसे कोणाचे, हे संस्थेला कळण्यास मार्ग नसतो.

देयक, कर आणि थकबाकी

देयकावर श्रम, बाह्य खर्च आणि हक्काचे शुल्क या तीन बाबी वेगळ्या दाखवणे करांच्या दृष्टीनेही श्रेयस्कर आहे. संगीतकार आपल्या मूळ रचनेचा स्वामित्वहक्क संगीत कंपनीला किंवा निर्मात्याला देतो, तेव्हा त्यावरील वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. मिक्सिंगसारख्या अन्य सेवांना हा नियम लागू नाही. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांपुढे गेली की नोंदणी आवश्यक होते. व्यावसायिक शुल्क आणि रॉयल्टी यांतून ग्राहक सर्वसाधारणपणे दहा टक्के आयकर कापून घेतो. तो आपल्या नावे जमा झाला की नाही, हे वर्षाअखेरीऐवजी दर तिमाहीस पाहावे. बारकाव्यांसाठी सनदी लेखापालाचा सल्ला घेणे इष्ट.

थकबाकी हा या व्यवसायाचा जुनाट आजार. त्यावर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात औषध आहे; पण ते घेणारे संगीतकार विरळा. 'उद्यम' नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे खरेदीदाराने, करारात काहीही लिहिले असले तरी, पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर अशी थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात दाखवून करसवलतही घेता येत नाही. ही नोंदणी विनाशुल्क आहे. ती काम सुरू होण्यापूर्वी केलेली असावी आणि नोंदणीक्रमांक देयकावर छापलेला असावा. अनेकदा तो क्रमांक दिसला की ग्राहकाचा लेखाविभाग आपण होऊन तत्पर होतो.

बँकेच्या खिडकीतून

गायक डेव्हिड बोवी याने १९९७ साली आपल्या पंचवीस ध्वनिमुद्रिकांच्या भावी रॉयल्टीच्या आधारावर साडेपाच कोटी डॉलरचे दहा वर्षांचे रोखे काढले आणि प्रुडेन्शियल या विमा कंपनीने ते ७.९ टक्के व्याजाने घेतले. मधल्या काळात इंटरनेटमुळे संगीताची विक्री घसरली आणि २००४ साली रोख्यांचे मानांकनही खाली आले, तरी २००७ साली त्यांची पूर्ण परतफेड झाली. आपल्याकडील संगीतकारापासून हे उदाहरण फार दूरचे आहे. मात्र कागदोपत्री नोंदलेली रॉयल्टी हे धनकोच्या दृष्टीने उत्पन्नच असते, ही त्यातली गोष्ट शाखेतील अधिकाऱ्याने लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वतंत्र संगीतकाराच्या खात्यात एका महिन्यात तीन लाख येतात आणि पुढचे दोन महिने काहीच येत नाही. पगारदाराच्या खात्याची सवय असलेल्या नजरेला हे खाते अस्थिर वाटते. संगीतकारानेही ही नजर सुधारण्यास मदत करावी. व्यवसायाचे खाते निराळे ठेवावे, तेथून घरखर्चाची ठरलेली रक्कम दरमहा बचत खात्यात वळती करावी आणि कराची रक्कम देयक जमा होताच बाजूला काढावी. यंत्रसामग्रीसाठी कर्ज हवे असल्यास प्रधानमंत्री मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत, आणि आधीचे 'तरुण' कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून वीस लाखांपर्यंत, तारणावाचून कर्जाची सोय आहे. अर्जासोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, उद्यम प्रमाणपत्र, चालू कामांचे करारनामे आणि रॉयल्टीची विवरणे जोडली, तर अधिकाऱ्याला एका जिंगलऐवजी एक व्यवसाय समोर दिसतो.

या कागदांची एक प्रत घरच्यांना ठाऊक असलेल्या जागीही असावी. स्वामित्वहक्क ही मृत्युपत्राने देता येणारी मालमत्ता आहे. परंतु संगीतकारामागे कपाटात केवळ ध्वनिफितींच्या हार्डडिस्क उरल्या आणि कोणती चाल कोणाला, किती वर्षांसाठी दिली होती हे सांगणारा एकही कागद नसला, तर वारसांना त्या चाली ऐकता येतात, त्यांचे भाडे मागता येत नाही. मुदत ठेवींची यादी जशी केली जाते, तशीच रचनांची यादीही करावी: रचनेचे नाव, ग्राहक, कराराची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि संस्थेकडील नोंदणीक्रमांक.